सेन्सर पोरांच्या हातात द्या, पण खुरपं काढून घेऊ नका



आज फवारणीचं किंवा खताचं लिहिणार नाही, पोरांच्या शिक्षणाचं लिहितोय. पण विषय शेवटी पाण्यापाशीच येतो, म्हणून शेतकरी बांधवांनीही वाचावं आणि कृषीच्या साहेब मंडळींनीही.

आमच्या सांगोला भागात डाळिंबाच्या बागांमधून आता सेन्सरचे खांब दिसायला लागलेत. मोबाईलवर आकडा येतो. ओल इतकी, तापमान इतकं, आता पाणी सोडा, आता बंद करा. चांगली गोष्ट आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पाण्याचा एकेक थेंब मोजायची वेळ आपल्यावर आलेलीच आहे. माझी काळजी वेगळी आहे. आकडा बघून कॉक फिरवणारा माणूस वेगळा, आणि आकड्याला उलटा प्रश्न विचारणारा माणूस वेगळा. पहिला माणूस एका दिवसात तयार होतो. दुसरा तयार व्हायला शाळेतली दोन-चार वर्षं लागतात, आणि आपल्या शाळा तो तयार करत नाहीत.

एक उदाहरण देतो. शेजारच्या गावातल्या एका पाहुण्यांनी डाळिंबात ओलीचा सेन्सर बसवला. कंपनीचं नाव घेत नाही, इथं त्याचा उपयोग नाही. उन्हाळ्यात आकडा सारखा कोरडं दाखवायचा, आणि पाहुण्यांचा मुलगा सारखं ड्रिप चालू करायचा. पोरगा शिकलेला, मोबाईल पटापट चालवतो. काही आठवड्यांनी पानं पिवळी पडायला लागली. म्हाताऱ्यानं शेवटी खुरपं घेतलं आणि बोदात वीतभर उकरलं, तर मातीचा गोळा होत होता. आणि सेन्सर? काळी जमीन सेन्सर लावला तिथंच फाटली होती, भेग पडली होती. सेन्सरची पट्टी मातीला चिकटलेलीच नव्हती, भेगेतल्या हवेत उभी होती. हवेची ओल मोजून तो इमानदारीनं कोरडं सांगत होता.

यात पोराला दोष देऊ नका. सेन्सर नेमकं काय मोजतो हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. विकणाऱ्यानंही नाही, शाळेनंही नाही.

चाळीस टक्के, पण कशाचे?

ओलीचे जे स्वस्त सेन्सर मिळतात, त्यांच्यात बऱ्याचदा सोपी युक्ती केलेली असते. सेन्सर कोरड्या हवेत धरला की येणारा आकडा म्हणजे शून्य, आणि पाण्याच्या ग्लासात बुडवला की येणारा आकडा म्हणजे शंभर. मधलं सगळं टक्क्यात वाटून टाकायचं. म्हणजे स्क्रीनवर ४० टक्के दिसतं ते मातीतलं पाणी नव्हे. हवा आणि ग्लास यांच्या मधली ती एक जागा आहे.

खरी ओल काढायची जुनी रीत सगळ्या कृषी पदवीधरांना माहीत आहे. माती आणा, वजन करा, १०५ अंशावर २४ तास भट्टीत वाळवा, परत वजन करा. १३० ग्रॅमची १०० ग्रॅम झाली तर वजनाने ओल ३० टक्के. आणि एवढं करूनही काम संपत नाही. वीस टक्के ओल मुरमाड हलक्या रानात भरपूर झाली, तीच भारी काळ्या रानात पीक माना टाकायच्या बेताला येतं. कारण चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते, मुळाला सोडत नाही. माती भिजलेली आहे म्हणून झाडाला पाणी मिळतंय असं नसतं.

हे एवढं ज्या पोराला कळलं, त्याला कुणीही आकडा दाखवून फसवू शकत नाही. माझ्या लिखाणाचं सार एवढंच आहे.

सध्या शाळेत काय चालतं

तेरड्याचं रोप लाल पाण्यात ठेवायचं, देठ लाल झालेला बघायचा. पानाला काळा कागद लावायचा, नंतर आयोडीन टाकून बघायचं. फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधायची, आत पाण्याचे थेंब बघायचे. प्रयोग चांगलेच आहेत, आमच्याही वेळी होते. पण उत्तर आधीच फळ्यावर लिहिलेलं असतं. पोरं जर्नलमध्ये आकृती काढतात, निष्कर्ष एकमेकांचा उतरवतात. पिशवीत थेंब आले की प्रयोग संपला. किती आले, कधी आले, दुपारी जास्त की सकाळी, पाणी दिलेल्या झाडाला किती आणि ताण दिलेल्याला किती, हे कोणी विचारत नाही. कारण ते मोजायचं साधन नव्हतं.

आता साधन आहे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या पोटात जो भाग असतो, त्याला लोड सेल म्हणतात. तो, त्याला जोडायची एक छोटी पट्टी आणि एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, हे सगळं काही शे रुपयांत येतं. दर दहा मिनिटांनी वजन आपोआप नोंदवलं जातं. रात्री तीन वाजता पोरानं जागायची गरज नाही.

आमच्या इथल्या एका शाळेच्या विज्ञानाच्या मास्तरांनी नववीच्या पोरांकडून असे काही प्रयोग करून घेतले. कुंड्या, माती आणि रोपं माझ्या रानातली होती, त्यामुळे मी बऱ्याच वेळा तिथं होतो. त्यातले चार प्रयोग सांगतो. कुठल्याही शाळेत होतील असे आहेत.

१. कुंडीचं वजन

एका कुंडीत ज्वारी, एका कुंडीत ड्रॅगन फ्रूट. मातीवर प्लास्टिक बांधायचं, म्हणजे मातीतून पाणी उडणार नाही, जे जाईल ते पानातून किंवा खोडातूनच जाईल. दोन्ही कुंड्या लोड सेलवर ठेवायच्या. आणि तिसऱ्या लोड सेलवर ठेवायचं दोन किलोचं लोखंडी माप.

पोरं हसली, म्हणाली मापाचं वजन कशाला करायचं, ते दोनच किलो भरणार. मास्तर म्हणाले, आधी अंदाज लिहा, मग बघू. दुपारी उन्हात मापाचं वजनसुद्धा थोडं हललेलं दिसलं. लोखंड काही पाणी सोडत नाही. मग हललं काय? काटा तापला होता. म्हणजे कुंडीच्या आकड्यातही काट्याची तेवढी चूक मिसळलेली असणार, ती वजा करायला पाहिजे. माझ्या मते सगळ्या प्रयोगातली ही सगळ्यात मोठी शिकवण. मोजणारं यंत्रसुद्धा उन्हात चुकतं, आणि किती चुकतं ते शोधून काढता येतं.

मग कुंड्या. ज्वारीचं वजन दिवसा उतरतं, रात्री जवळपास थांबतं. ड्रॅगन फ्रूटचं उलट. ते निवडुंगाच्या जातीचं, दिवसा दारं बंद ठेवतं आणि रात्री उघडतं. त्यामुळे त्याचं वजन रात्री जास्त उतरतं. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. पण रात्रीचा आलेख सकाळी बघितल्यावर पोरांना जे वाटतं ते त्या ओळीत नाही. एका पोरीनं लगेच विचारलं, मग काका, ड्रॅगन फ्रूटला तुम्ही पाणी दिवसा का देता? मी म्हटलं, लाईट दिवसाची असते म्हणून. सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता.

आता ज्वारीला दोन दिवस पाणी तोडा. सकाळी वजन नेहमीसारखं उतरतं, पण दुपारी ऊन वाढलं तरी उतरणं मंद होतं. म्हणजे झाडानं पर्णरंध्रं मिटली. त्या वेळी पान हिरवंगार असतं, डोळ्याला काही दिसत नाही. पण दार मिटलं की पाणी जायचं थांबतं तसा कार्बन डायऑक्साईड आत यायचाही थांबतो. वाढ अडते. आपण म्हणतो पिकानं माना टाकल्या की पाणी देऊ. माना टाकायच्या कितीतरी आधी नुकसान सुरू झालेलं असतं. हे आपल्या डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसतं. म्हणून म्हणतो, नुसतं खुरपं पुरत नाही आणि नुसता सेन्सरही पुरत नाही.

२. पानाचा ताप

कोरोनात कपाळावर धरायची ती बंदूक आठवते ना? तसलीच, पण ती कपाळाची नको. ती माणसाच्या तापाच्या हिशेबानं आकडा फिरवून दाखवते. वर्कशॉपमध्ये वापरतात ती साधी इन्फ्रारेड बंदूक घ्यायची. भरदुपारी पाणी दिलेल्या सरीतलं पान आणि ताण पडलेल्या सरीतलं पान मोजायचं. पाणी उडताना पान गार होतं, माठासारखं. दारं मिटली की पान तापतं.

यातही खुबी आहे. बंदूक लांब धरली तर पानाच्या मागची तापलेली मातीही मोजली जाते आणि आकडा वाढतो. म्हणून जवळ धरायची, उन्हाकडच्याच बाजूची पानं घ्यायची, एकाच वेळेला मोजायचं, दहा पानं मोजून सरासरी काढायची. एका पानावरून बोलायचं नाही. बाजारात एका गाळ्यावरचा भाव ऐकून आपण माल देतो का?

३. डब्यातला श्वास

वीस लिटरचा पारदर्शक डबा, आत रोप आणि कार्बन डायऑक्साईड मोजणारा सेन्सर. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे दहा लाख भागात ४२० भाग. माणसाच्या सोडलेल्या श्वासात तो चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४०,००० पीपीएम. पोरांना हिशेब घालायचा. अर्धा लिटर श्वास या डब्यात फुंकला तर आकडा कितीनं वाढेल? साधारण हजारानं. मग फुंकून बघायचं.

त्यानंतर डबा उजेडात ठेवला की आकडा हळूहळू खाली येतो, कारण रोप तो वायू खातंय. काळं कापड टाकलं की खाली यायचं थांबतं आणि परत चढायला लागतं, कारण रोपही आपल्यासारखा श्वास घेतं. स्वस्त सेन्सर ४०० च्या खाली भरवशाचे नसतात, म्हणून वरून खाली यायचा प्रयोग करायचा, आणि सेन्सरमधली आपोआप सुधारणा बंद ठेवायची. डबा कडक उन्हात ठेवायचा नाही, आत रोप उकडून निघतं.

४. हवेची ओढ

तापमान आणि दमटपणा मोजणारा छोटा सेन्सर मिळतो. हवामानाच्या ॲपवर दमटपणा ३० टक्के दिसला की आपण कोरडी हवा म्हणतो आणि सोडून देतो. पण ३० टक्के दमटपणा २५ अंशाला असला आणि तोच ३५ अंशाला असला, तर ३५ अंशाची हवा पानातून पाणी ओढायला जवळपास पावणेदोन पट जोर लावते. शास्त्रात याला बाष्पदाबातली तूट म्हणतात. पोरांनी हा हिशेब कुंडीच्या वजनाशेजारी मांडला की उन्हाळ्यात आणि थंडीत पाण्याच्या पाळ्या वेगळ्या का, हे त्यांना कुणी सांगायला लागत नाही.

सेन्सर मात्र उघड्या उन्हात टांगायचा नाही. मग तो हवा मोजत नाही, स्वतःचाच ताप मोजतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या थाळ्या एकावर एक, मध्ये फट ठेवून, त्याच्या आत टांगायचा.

हे काही नवीन नाही

कुणाला वाटेल हे सगळं मोबाईलच्या जमान्याचं खूळ आहे. तसं नाही. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाच्या पाद्र्यानं १७२४ साली साडेतीन फुटी सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पत्र्यानं झाकली आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तोलली. दिवसाला सरासरी सव्वा पौंड, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या थोडं वर पाणी पानातून जातं असं त्याला दिसलं. १७२७ साली त्यानं ते पुस्तकात छापलं. काटा साधा होता, प्रश्न मोठा होता. पोरांनी जे केलं ते हेल्सचंच, फक्त रात्री जागायचं काम यंत्राला दिलं.

आणि आपल्या देशात जगदीशचंद्र बोस. त्यांनी कलकत्त्यात देशी कारागिरांच्या हातून यंत्रं घडवून घेतली. क्रेस्कोग्राफ नावाच्या यंत्रानं झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवली. ज्या देशात हे झालं तिथल्या पोरांनी दुसऱ्याच्या जर्नलमधला निष्कर्ष उतरवावा, हे मनाला पटत नाही.

पैसा आहे, दिशा पाहिजे

२०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब शाळांना मिळतात. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान आहे. सहावी ते बारावीच्या पोरांसाठी सेन्सर, बोर्ड, थ्रीडी प्रिंटर सगळं त्यात येतं. आणखी पन्नास हजार लॅब काढायचं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय. पण मी प्रदर्शनात जे बघतो ते बहुतेक रेषेवरून पळणारी गाडी आणि टाळी वाजवली की लागणारा दिवा. शाळेच्या कुंपणाबाहेर ज्वारी उभी असते आणि आत पोरं दिव्याला टाळ्या वाजवतात. तोच सेन्सर कुंडीत लावायला काय हरकत आहे?

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हातानं काम करत, गावाची खरी कामं करत शिकायचं, हा त्यांचा विचार होता. २००२ साली तिथं फॅब लॅब उभी राहिली. खेड्यातलं पोरगं यंत्र वापरणारं नाही तर यंत्र बनवणारं होऊ शकतं, हे तिथं दिसलेलं आहे. आपल्याला नवा शोध लावायचा नाही, तो विचार आपापल्या गावात आणायचा आहे.

आता कृषीच्या साहेबांना एक विनंती. तुमच्या महाविद्यालयांचे कृषिदूत आणि कृषिकन्या दरवर्षी गावात येतात. बीजप्रक्रिया दाखवतात, माती नमुना कसा घ्यायचा ते दाखवतात, फोटो निघतो, पेपरात बातमी येते. आमचा त्याला विरोध नाही. पण त्या मुलांना गावातल्या शाळेशी जोडा. एका गटानं एका शाळेत एक कुंडी तोलायचा संच उभा करावा आणि जाताना तो तिथंच ठेवून जावा. माती वाळवायची भट्टी तुमच्याकडे आहे, शाळेचे मातीचे नमुने तुमच्याकडे वाळवून द्या. म्हणजे शाळेच्या सेन्सरला खऱ्या ओलीशी ताडून बघता येईल. त्यात तुमच्या विद्यार्थ्यांचंही शिक्षण होईल, कारण परीक्षेत बाष्पोत्सर्जनाची व्याख्या लिहिणारी सगळीच मुलं झाडाला तहान लागलेली ओळखतात असं माझ्या अनुभवाला येत नाही. राग मानू नका.

काही जण म्हणतील, स्वस्त सेन्सर अचूक नसतात, त्यावर काय शिकवणार? मी म्हणतो, म्हणूनच शिकवा. महागडं यंत्र बंद डब्यात येतं, त्याच्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे पोराला काही करता येत नाही. स्वस्त यंत्र चुकतं, मग ते का चुकलं हे शोधावं लागतं. मातीत खुपसायचे दोन खिळ्यांचे सेन्सर काही आठवड्यांत गंजतात, कारण त्यातून वीज जात राहते. हे पोरांनी स्वतः बघावं. रसायनशास्त्राचा तो धडाही तिथंच होतो.

काही जण म्हणतील, आमच्या बापजाद्यांनी काय सेन्सर लावून शेती केली? नाही केली. पण त्यांची विहीर साठ फुटांवर होती, आपलं बोअर किती फुटांवर आहे ते तुम्हीच बघा. त्यांना वाफसा पायाच्या तळव्याला कळायचा. आपली पोरं शाळेत बूट घालून जातात, आणि रानात ट्रॅक्टरवर बसून. तळव्याची ती ओळख जाते आहे आणि तिच्या जागी मोबाईलचा आकडा येतो आहे. येऊ दे. पण तो कुठून आला हे घरातल्या एका तरी माणसाला कळलं पाहिजे.

आपण काय करायचं

फार नाही. गावातल्या शाळेला चार कुंड्या, एक पोतं माती आणि दोन गुंठ्यांचा तुकडा वापरायला द्या. जून ते फेब्रुवारी पुरे. मास्तरांना इलेक्ट्रॉनिक्स येत नसलं तरी चालतं, पोरं शिकून घेतात. मास्तरांनी फक्त तीन गोष्टींचा हट्ट धरायचा. मोजायच्या आधी अंदाज वहीत लिहायचा. मोजल्यावर हातानं, खुरप्यानं किंवा काट्यानं ताडून बघायचं. आणि आकडा जुळला नाही तर तो खोडायचा नाही, का जुळला नाही ते लिहायचं.

आणि तुमच्या रानात सेन्सर बसवायला कुणी आलं, तर घरातल्या शाळकरी पोराला शेजारी उभं करा. त्याला विचारायला सांगा, साहेब, हे टक्के कशाचे? आमच्या काळ्या मातीत ताडून बघितलेत का? भेग पडली तर काय करायचं? विकणाऱ्याला उत्तर देता आलं तर जरूर घ्या. नाही आलं तर थोडं थांबा. पाणी आपलं आहे, बाग आपली आहे.

सध्या ज्वारीच्या कुंडीचं काम चालू आहे. पुढच्या वेळी त्याच पोरांनी डाळिंबाच्या खोडाला पट्टी लावायची ठरवलंय, खोड दुपारी किती आकसतं आणि रात्री किती फुगतं ते बघायला. आकडे आले की इथंच टाकीन. तुमच्या गावात कुणी असं काही करत असेल तर मला कळवा, येऊन बघायची इच्छा आहे.